एरियाडने पोर्टल आठ महिने वापरल्यावर: घोडं अडतं ते काळाच्या रकान्यात

एरियाडने म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या पुरातत्त्व संग्रहांच्या नोंदी एकाच ठिकाणी शोधता येतील असं पोर्टल. या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून सिडॉक सीआरएम हा सामायिक आराखडा वापरतात. प्रत्येक उत्खननाचा अहवाल विकत घेणं मला परवडत नाही, म्हणून माझं सगळं काम या मोफत पोर्टलवर चालतं. आठ महिने मी लोहयुगातल्या चातीच्या चकत्या शोधतोय. मधोमध भोक असलेली मातीची छोटी चकती, सूत कातायच्या चातीला वजन आणि फिरकी देणारी. अहवालात तिला बहुधा एकच ओळ मिळते.

पहिला महिना मी हरखून गेलो होतो. इटालियन नोंदीत 'फुसाइओला', जर्मन नोंदीत 'श्पिनविर्टेल'. गेटी संस्थेच्या एएटी या कला-वास्तुकलेच्या संज्ञाकोशातल्या एकाच संज्ञेला दोन्ही शब्द जोडले असले, की एका शोधात दोन्ही हाती येतात.

मग वर्षांची चाळणी लावली, आणि अहवाल माझ्या टेबलावर असलेलं एक उत्खनन यादीतून गायब! मूळ नोंद उघडली. काळाच्या रकान्यात फक्त 'लोहयुग'. कुठपासून कुठपर्यंत, काही नाही. इंग्लंडचं लोहयुग इ.स. 43 च्या रोमन स्वारीबरोबर संपलं असं धरतात. आयर्लंड रोमन साम्राज्यात कधी आलंच नाही, तिथलं लोहयुग साधारण इ.स. 400 पर्यंत नेतात. साडेतीनशे वर्षांचा फरक! नुसत्या शब्दावरून यंत्राने ती चकती कुठे ठेवायची?

ज्या संग्रहाने नोंद दिली होती त्यांना मेल केला. उत्तर आलं, तो रकाना सक्तीचा नाही. दुसऱ्या मेलला उत्तर, उत्खनन करणाऱ्यांना विचारा. शेवटी अहवालातल्या रेडिओकार्बन तारखांच्या तक्त्याचं पान स्कॅन करून पाठवलं. दोन महिन्यांनी वर्षं भरली गेली आणि चकत्या यादीत आल्या. त्या दिवशी फार बरं वाटलं.

खरं तर आमच्या उत्खननातल्या खणाच्या नोंदी भरताना मीही याच रकान्यावर वैतागलो होतो. थराचा क्रमांक, मातीचा पोत, रंग, वर कोणता थर, खाली कोणता, एवढं लिहिलं की झालं असं वाटायचं. पिरिअडो या काळांच्या व्याख्यांच्या सूचीमधून व्याख्या निवडा, म्हणजे हा काळ कोणी, कोणत्या प्रदेशासाठी, कुठून कुठवर धरलाय ते सांगा, ही मला कारकुनी वाटली होती. आता तसं अजिबात वाटत नाही. तो रकाना रिकामा ठेवला, तर दुसऱ्या देशातल्या माणसाला आमचा खण दिसणारच नाही.

दुसरी तक्रार मोडक्या लिंकची. पोर्टलवर असते ती सूची. थरांचे तक्ते, छेदचित्रं मूळ संग्रहाकडेच. यॉर्कची आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस 1996 पासून हे सांभाळतेय, डीओआय या कायमच्या ओळखक्रमांकासकट, आणि तिथली लिंक मला अजून एकदाही मोडलेली मिळाली नाही. इतर दोन ठिकाणी मात्र कोरं पान उघडलं. खणलेला थर परत खणता येत नाही, त्यामुळे त्या पानाचं मला फार वाईट वाटतं.

ज्यांना मेल केले होते, त्या संग्रहातल्या आणखी सहा नोंदींत वर्षं नाहीत. त्यांतल्या दोन अहवालांची पानं काल पाठवली.