पीएच.डी.: ऑनलाइन की अर्धवेळ, आत्ता की दोन वर्षांनी?

तिशीतली माणसं पीएच.डी.ची चौकशी करायला येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास ठरलेला: "मॅडम, ऑनलाइन होईल का?" आणि पाठोपाठ कारण. घरी लग्नाचं बघतायत. नवऱ्याची बदली कधीही येईल. आईची तब्येत बरी नसते. कंपनी म्युनिकला पाठवणार म्हणतेय, पण कधी ते सांगत नाही. यात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात: कुठली डॉक्टरेट, आणि कधी. मी ते आधी सोडवून घेते. पहिल्याचं उत्तर बहुतेकांना पाच मिनिटांत मिळतं. खरी खलबतं दुसऱ्यावर व्हायला हवीत.

ऑनलाइन की अर्धवेळ

भारतातल्या कुठल्याही विद्यापीठाला ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. देता येत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत तसं स्वच्छ लिहिलंय. त्याच्या जेमतेम काही दिवस आधी यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी मिळून इशारा दिला होता की, एडटेक कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही. तेव्हा फोनवर रोज येणाऱ्या त्या 'नोकरी न सोडता डॉक्टर व्हा' जाहिराती प्राध्यापकीच्या दृष्टीने तिथेच निकालात निघतात.

म्हणून परदेशातल्या सगळ्याच ऑनलाइन डॉक्टरेट बोगस आहेत असं मात्र नाही. शिक्षणशास्त्रातली ईडी.डी., व्यवस्थापनातली डीबीए, नर्सिंगमधली डीएनपी हे डॉक्टरेटचे अभ्यासक्रम अमेरिकेतली चांगली विद्यापीठंही ऑनलाइन चालवतात. (डीएनपीत प्रत्यक्ष सरावाचे तास भरावे लागतात, ते घरबसल्या होत नाहीत.) ब्रिटनमध्येही दुरून, अर्धवेळ पीएच.डी. करता येते. या पदव्यांचं बलस्थान एकच, पण मोठं आहे: तुमचा पत्ता बदलला तरी विद्यापीठ बदलत नाही. एडिसनहून दुबई, दुबईहून बाणेर असं बिऱ्हाड हलत राहणार असेल, तर इथल्या अर्धवेळ पीएच.डी.पेक्षा हे कितीतरी सोयीचं. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, असणाऱ्यांना शिकायला आडकाठी नसते. पण पूर्णपणे ऑनलाइन अभ्यासक्रमावर एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, त्यामुळे शिकता शिकता व्हिसाचंही भागेल हे गणित कुणी मांडू नये.

किंमत तुम्हाला डॉलर-पौंडात मोजावी लागते आणि शिष्यवृत्ती क्वचितच मिळते. राज्य विद्यापीठातल्या अर्धवेळ पीएच.डी.ची फी त्यापुढे चिल्लर वाटेल.

मग निवडायचं कसं? दहा वर्षांनी महाराष्ट्रात किंवा गोव्यात सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज करण्याची थोडी जरी शक्यता असली, तर इथली अर्धवेळच घ्या. त्या पदाला पीएच.डी. लागतेच, आणि ती मान्य असलेली लागते. सहायक प्राध्यापकासाठी जुलै २०२३ पासून किमान पात्रता पुन्हा नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा एवढीच आहे, पण उमेदवारांची छाननी होते तेव्हा पीएच.डी.च्या गुणांचं वजन मोठं असतं. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. उलट तुम्ही कॉर्पोरेटमध्ये आहात, तिथेच राहणार आहात आणि देश बदलत राहणार आहात, तर मान्यता नीट तपासून घेतलेली डीबीए चालेल. फक्त नावामागे 'डॉ.' लागावं म्हणून करायची असेल, तर दोन्ही नको असं माझं मत आहे.

आत्ता की नंतर

इथून पुढे मी अर्धवेळ पीएच.डी. धरूनच बोलते.

घड्याळ असं आहे: प्रवेशापासून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, म्हणजे आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर दोन वर्षांची सवलत, म्हणजे दहा. शिवाय स्त्रियांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा.

हे आकडे ऐकले की लोक सहा-आठ वर्षांचं चित्र डोळ्यांपुढे आणतात आणि घाबरतात. साहजिक आहे, सहा वर्षांनी आपण कुठे असू हे कोण सांगणार! पण ती सहा वर्षं सारखी नसतात. पहिले साधारण अठरा महिने आणि नंतरचा काळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि निर्णय त्या अठरा महिन्यांकडे बघून घ्यावा असं माझं म्हणणं आहे.

या पहिल्या टप्प्यात किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क असतं, त्यात ५५ टक्के मिळवावे लागतात. विषय पक्का करायचा, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायचा, तो समितीपुढे मांडून मंजूर करून घ्यायचा. काही केंद्रं नोकरदारांसाठी शनिवार-रविवारी तास ठेवतात, पण हजेरी ही हजेरी असते. या टप्प्यात गाव सोडावं लागलं, तर हातात काहीच उरत नाही. ना झालेलं कोर्सवर्क, ना मंजूर विषय. तो ओलांडला की काम बरंच तुमच्या हातात येतं. माहिती गोळा करणं, वाचणं, लिहिणं हे पहाटे पाचला होतं आणि बाळ झोपल्यावरही होतं. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, उभं राहावं लागतं. दहा-बारा स्लाइड, समोर तीन खुर्च्या, आणि कुणीतरी विचारतंच, "मागच्या वेळी सांगितलं होतं, प्रश्नावली लहान करा, केलीत?" तेवढ्यासाठी वर्षातून दोनदा मुंबईहून कोल्हापूरला येणारे मी पाहिलेत. कोर्सवर्कसाठी दर आठवड्याला ते जमलं नसतं.

नोकरदारांच्या बाबतीत या टप्प्याची परीक्षा प्रवेशाआधीच होते. अर्जासोबत मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी असाव्या लागतात: अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केलं जाईल. पहिल्या दोन वाक्यांवर एचआर हसत सही करतं. तिसऱ्यावर फाइल अडते. "कार्यमुक्त म्हणजे नक्की किती दिवस?" असा मेल येतो आणि दोन महिने जातात. ते तिसरं वाक्य तुमची कंपनी आत्ता लिहून देणार असेल, तर तेवढं एक कारण लवकर सुरू करायला पुरेसं आहे. नव्या नोकरीत, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर असताना, ते कुणी लिहून देईलच असं नाही.

थांबण्यात काय जातं

लोक वयाचा बाऊ करतात. पीएच.डी.ला वयाची अट नाही. वय आडवं येतं ते फेलोशिपला. यूजीसीच्या जेआरएफसाठी (नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) ३० वर्षांची मर्यादा आहे. स्त्रियांना आणि आरक्षित प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. फेलोशिपची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला, म्हणजे सीनियर फेलोशिपला, ४२,००० रुपये आहे, पण ती पूर्णवेळ संशोधनासाठी. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे असाल, नोकरीत मन रमत नसेल आणि नेटमध्ये जेआरएफ मिळण्याची शक्यता असेल, तर अर्धवेळचा हा सगळा खल बाजूला ठेवा आणि आधी तिच्या मागे लागा.

थांबण्याचा खरा फटका गाईडच्या बाबतीत बसतो, आणि याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. शिवाय जागा मोजक्या: प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार. ज्यांच्यासाठी तुम्ही हा विषय निवडलाय ते सर सत्तावन्न वर्षांचे असतील, साठीला निवृत्त होणार असतील आणि त्यांच्याकडे एक जागा रिकामी असेल, तर "दोन वर्षांनी बघू" म्हणजे त्यांच्याकडे कधीच नाही. गाईड चाळिशीतला असेल, तर दोन वर्षांनी आभाळ कोसळत नाही.

थांबण्यात काय जात नाही

अभ्यास. प्रवेश घेण्याआधीची वर्षं कुणी मोजत नाही. शोधगंगा या संकेतस्थळावर लाखो प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तिथे आपल्या संभाव्य गाईडचं नाव घालून बघा: किती विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण झाले, कोणत्या विषयांवर, किती वर्षांच्या अंतराने. शिक्षकाची खरी ख्याती तिथे कळते, चहाच्या टपरीवर नाही. स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावर संशोधनपद्धतीचे अभ्यासक्रम आहेत. आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचा कच्चा खर्डा हातात घेऊन आलेला विद्यार्थी सिनॉप्सिसचे सहा महिने सहज वाचवतो.

फक्त नेटची घाई करू नका. २०२४ पासून विद्यापीठं पीएच.डी. प्रवेशाला नेटचे गुण धरू लागली आहेत: जेआरएफ नसेल तर ७० टक्के नेट, ३० टक्के मुलाखत. काही ठिकाणी स्वतःची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, हीही चालू आहे. पण जेआरएफ न मिळालेल्यांचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. दोन वर्षांनी प्रवेश घ्यायचा असेल, तर आत्ताची नेट तुम्हाला सहायक प्राध्यापक म्हणून पात्र करेल, पीएच.डी.च्या रांगेत उपयोगी पडणार नाही.

कुठली अनिश्चितता, कुठला निर्णय

मूल व्हायचं असेल, तर मी आत्ताच्या बाजूची आहे. नियमांत सगळ्यात जास्त जागा त्यासाठीच ठेवलेली आहे. कोर्सवर्क उरकून रजा घेतलेल्या मुली परत येतात; "बाळ जरा मोठं होऊ दे, मग प्रवेश घेते" म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्या.

लग्न आणि स्थलांतर. लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव सोडणाऱ्या विद्यार्थिनीला आपलं संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं, अशी तरतूद नियमावलीत आहे. मुख्य अट अशी की ते आधीच्या संस्थेला किंवा गाईडला एखाद्या निधी देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं आणि जुन्या संस्थेला व गाईडला श्रेय द्यावं. पहिला टप्पा ओलांडला असेल, तर नागपूरहून पुण्याला येणं म्हणजे शून्यापासून सुरुवात नव्हे. तरतूद फक्त विद्यार्थिनींसाठी आहे. पुरुषाची बदली नियम करणाऱ्यांना सुचली नसावी.

घरात आजारपण चालू असेल, म्हणजे हॉस्पिटलच्या फेऱ्या, रात्रीची जागरणं, तर थांबा. यासाठी नियमांत वेगळी रजा नाही आणि घड्याळ चालूच राहतं. पण आजारपण नुसतं भीतीत असेल, "आता त्यांचं वय झालंय" एवढंच, तर त्यासाठी थांबणं म्हणजे कायमचं थांबणं होईल.

परदेशची ऑफर हातात असेल, व्हिसाची तारीख आली असेल, तर अर्धवेळ पीएच.डी.ला प्रवेश घेऊ नका. तिकडे वर्षभर राहून मग तिथली ऑनलाइन किंवा तिथलीच एखादी पाहा. ऑफर फक्त मॅनेजरच्या तोंडी असेल, तर येत्या प्रवेशफेरीचा अर्ज भरून टाका आणि त्याच आठवड्यात एचआरकडे ते तिसरं वाक्य मागा.