वाकड सोडून इंदिरानगर: नाशिकमध्ये तिन्ही ऋतू काढल्यानंतर

नवऱ्याची बदली चाकणहून अंबड एमआयडीसीत झाली आणि आम्ही पुण्याजवळच्या वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडून नाशिकला इंदिरानगरात आलो. माझी नोकरी मात्र अजून हिंजवडीतच. बहुतेक काम घरून, अधूनमधून ऑफिसात तोंड दाखवायचं. त्यामुळे दोन्ही शहरांशी माझा रोजचा संबंध आहे. इथला पावसाळा, थंडी आणि उन्हाळा बघून झालाय, म्हणून लिहायला बसले.

आधी पैशाचं, कारण फोनवर सगळे तेच विचारतात. वाकडला टू बीएचकेचं भाडं 29 हजार भरत होतो. इथं जवळपास तेवढ्याच कार्पेटला, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेला, 15 हजार, वर ड्राय बाल्कनी फुकट. विकत घ्यायचं म्हटलं तर अजून एक गोष्ट नाशिकच्या पथ्यावर पडते, ती एजंट नीट सांगत नाहीत. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी लागतो, पण किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्काच. नियम दोन्ही शहरांना सारखाच. पण वाकड-बाणेरला 45 लाखांत धड टू बीएचके शोधून दाखवा! पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव या पट्ट्यात ते अजून बसतं. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेल्या तयार घराला तर जीएसटी नाहीच. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्कावर 1 टक्का मेट्रो अधिभार पडतो, म्हणजे 45 लाखांच्या घरामागे 45 हजार. इथं मेट्रोच नाही. 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओची (रबरी टायरवर धावणारी मेट्रो) घोषणा झाली होती, ती अजून कागदावरच आहे.

भाव विचारताना एक सवय लावून घ्या. घरबांधणीवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा 2017मध्ये लागू झाला, कार्पेट सांगणं बंधनकारक झालं, तरी इथला एजंट पहिला आकडा 'सेलेबल'चाच, म्हणजे जिना-लिफ्टची जागा धरून मोजलेला, फेकतो. पुण्यातही फेकतात म्हणा. आपण फक्त 'दादा, कार्पेट किती?' एवढंच विचारत राहायचं.

पण खरा फरक मला भावात नाही, इमारतीत दिसला. वाकडला आमची टाउनशिप होती. गेटवर ॲप, लिफ्ट बंद पडली की ॲप, शेजारच्याचं कुत्रं भुंकलं तरी ॲप. मेंटेनन्स भरला की विषय संपला. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नाशिकमध्ये अजूनही तीन-चार मजली, बारा-सोळा फ्लॅटच्या इमारतींचा जोर आहे. मॅनेजर नाही, ऑफिस नाही. आमच्याकडे मीटिंग पार्किंगमध्ये होते, खुर्च्या ज्यानं त्यानं घरून आणायच्या. पहिल्याच मीटिंगला मी मेंटेनन्स ऑनलाइन का घेत नाही विचारलं. चेअरमन काका म्हणाले, "ताई, तुमचं पुण्याचं ॲप राहू द्या. पैसे द्या, पावती घ्या, आणि रविवारी टाकी धुवायला माणूस येणारे, त्याच्यावर लक्ष ठेवायची पाळी तुमची." मी भाडेकरू! तरी पाळी लागली. महिन्याला 800 रुपये मेंटेनन्समध्ये एवढं चालायचंच.

हे काहींना आवडतं, काहींना जाच वाटतो. मला आवडलं, पण ज्यांना इमारतीच्या भानगडीत पडायचंच नाही त्यांनी छोट्या बिल्डिंगच्या वाटेला जाऊ नये. लिफ्टचं वार्षिक कंत्राट संपलं की चौघांच्या दारात उभं राहून पैसे गोळा करावे लागतात, आणि तळमजल्यावाला दरवेळी 'मी लिफ्ट वापरत नाही' म्हणतोच.

विकत घेणाऱ्यांसाठी यातच एक कागदाची गोष्ट. पुण्यात बहुतेक ठिकाणी सहकारी सोसायटी भेटते. नाशिकमध्ये पुष्कळ इमारती 1970च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत. तिथे बिल्डर डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र, करतो आणि प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्यात जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे लिहिलेलं असतं. जुना फ्लॅट घेताना करारनामा आणि इंडेक्स-2 (नोंदणीचा उतारा) दाखवून मोकळे होणारे मालक आम्हाला भेटले. डीड विचारलं की 'ते व्हायचंय' म्हणायचे. ते झालेलं नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा, असं आमच्या वकिलांचं मत. मलाही ते पटतं, कारण इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की भांडण याच टक्क्यांवरून होतं.

पाण्याच्या बाबतीत नाशिक सरळ जिंकतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019पासून दिवसाआड पाणी. वाकडला मेंटेनन्सचा मोठा भाग टँकरवर जायचा. इथं गंगापूर आणि मुकणे धरणांचं पाणी रोज येतं, उन्हाळ्यातही टँकर बोलवावा लागला नाही. सगळ्या भागांत असंच आहे असं नाही, नव्या लेआउटमध्ये दाब कमी असतो. फ्लॅट बघायला सकाळी पाण्याच्या वेळेलाच जावं.

भाजी ताजी आणि स्वस्त, थंडी खरीखुरी, सकाळी फिरायला जॉगिंग ट्रॅक नाहीतर पांडवलेणी. मिसळीबद्दल पुणेकरांशी वाद घालत नाही.

आता दुसरी बाजू. नोकरी. नवऱ्याचं क्षेत्र अंबड-सातपूरमध्ये आहे म्हणून आमचं जमलं. माझ्यासारख्या आयटीवाल्यांना इथं नोकरी बदलायची तर पर्याय मोजकेच. पगार पुण्याचा आणि घर नाशिकचं, यातच सगळी गंमत आहे. कंपनीनं उद्या पाचही दिवस या म्हटलं तर भाड्यात वाचलेले 14 हजार काय कामाचे? पुणे इथून साधारण 210 किलोमीटर, थेट रेल्वेमार्ग नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचं नाव ऐकून ऐकून कान किटले. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे त्याची आखणीच बदलायची वेळ आली. राहता राहिला रस्ता. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव बरं जातं, पण राजगुरुनगर सुटलं की चाकणपर्यंत बस अक्षरशः रांगते. पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्याला उतरेपर्यंत अंगाचा भुगा. मुंबईत काम असलेल्यांचं बरं आहे. त्यांना पंचवटी एक्स्प्रेस आहे, आणि 5 जून 2025ला इगतपुरी ते आमणे टप्पा उघडल्यापासून समृद्धीही आहे.

शहरातली कोंडी पुण्याइतकी नाही, पण 'नाशिकला ट्रॅफिकच नाही' म्हणणाऱ्यानं संध्याकाळी इंदिरानगरच्या बोगद्यातून गोविंदनगरकडे जाऊन दाखवावं. द्वारका चौक तर विचारूच नका. सार्वजनिक वाहतूक पुण्यापेक्षा तोकडी. रात्री उशिरा रिक्षावाला मागेल ते द्यायचं. स्वतःची गाडी नसेल तर इथलं स्वस्त घर तेवढं स्वस्त राहत नाही.

आणि सध्या ज्याला त्याला सिंहस्थ. 2027च्या पर्वण्यांसाठी रस्ते, पूल, घाटांची कामं निघालीत आणि प्रत्येक एजंट 'कुंभानंतर भाव बघा' म्हणतो. कुंभ 2015लाही झाला होता. रस्ते चांगले झाले, ते आजही उपयोगी पडतात. पण घराचे भाव धरून ठेवतात ते नोकऱ्या, आणि त्या पर्वणीला येत नाहीत. नाशिकचं घर राहायला घ्यावं. गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट विकायला काढून वाट बघणारे लोक आमच्याच गल्लीत आहेत.

मध्यंतरी गंगापूर रोडला नदीच्या अंगाला एक फ्लॅट दाखवला. हवा, उजेड, बाल्कनीतून गोदावरी, आणि भाव संशय यावा इतका वाजवी. पूररेषेचं विचारलं तर एजंट म्हणाला, "वर धरण आहे ना ताई, आता कसला पूर?" गंगापूर धरण साठच्या दशकातलं. 2008 आणि 2016चे पूर त्यानंतरचेच, आणि दोन्ही वेळेला पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. दोन्ही रेषा विकास आराखड्याच्या नकाशावर बघता येतात. आम्ही त्या जमिनीचा गट नंबर मागितला. त्यानं 'व्हॉट्सॲप करतो' सांगितलं, अजून केलेला नाही. सध्या पाथर्डी फाट्याकडचे फ्लॅट बघतोय, सकाळी पाण्याच्या वेळेला.