पॉम्पेईची दोन स्नानगृहे: स्टॅबियन आणि फोरम

इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई शहरातील सार्वजनिक स्नानगृहांपैकी स्टॅबियन हे सर्वांत जुने, इ. स. पू. दुसऱ्या शतकातले; फोरम, म्हणजे नगरचौकाजवळचे, स्नानगृह मात्र शहर रोमची वसाहत झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. 80 नंतर लवकरच बांधले गेले. स्त्री-पुरुषांचे विभाग दोन्हीकडे वेगळे होते. स्टॅबियनला व्यायामासाठी प्रशस्त अंगण आणि पोहण्याचा हौद लाभला होता, तर दुकानांच्या गराड्यातील फोरम स्नानगृहाला एवढी मोकळीक मिळाली नाही.

खरा फरक उष्णतेच्या व्यवस्थेत दिसतो. स्टॅबियनमधील कोमट कक्षाची फरशीसुद्धा बुटक्या खांबांवर उचललेली असून भट्टीची गरम हवा तिच्याखालून खेळवलेली होती. फोरमच्या पुरुष विभागात कोमट कक्षासाठी काशाची मोठी शेगडी पुरेशी मानली गेली. ती देणाऱ्या मार्कस निगिडियस वॅकुलाने तिच्यावर गाईची आकृती घडवून घेतली होती, कारण लॅटिनमध्ये ‘वॅकुला’ म्हणजे लहान गाय.

उबेच्या दृष्टीने स्टॅबियन निःसंशय सरस ठरते. तरीही मला फोरमचा तो कोमट कक्ष अधिक मोलाचा वाटतो, कारण भिंतीतील कोनाड्यांच्या मधल्या जागी वरची कंगणी पेलणारे भाजक्या मातीचे पुरुष तिथे आजही उभे आहेत, आणि पलीकडच्या उष्ण कक्षातील संगमरवरी कुंडाच्या काठावर त्याचा खर्च, 5250 सेस्टर्स (रोमन नाणी), काशाच्या अक्षरांत नोंदवलेला आहे.