‘ईआरए५’ : पावसाची उष्णता वादळ कसे घडवते, हे दाखवणारा विदासंच

उष्ण आणि थंड वायुराशी एकमेकींना भिडतात, त्यांच्या सीमेवर आवर्त (कमी दाबाभोवती फिरणारी वादळी प्रणाली) तयार होते आणि पाऊस पडतो, असे मध्य अक्षांशांतील हवामानाविषयी आपण शाळेत शिकतो. बाष्पाचे पाणी होताना दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेला मिळते आणि तीच पुढे आवर्ताला घडवते, हे मात्र बहुधा सांगायचे राहून जाते. हे प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्यांना मी ‘ईआरए५’ हा विदासंच आग्रहाने सुचवीन. निरीक्षणे आणि संगणकीय हवामान-प्रारूप यांची सांगड घालून १९४० पासूनची वातावरणाची दर तासाची स्थिती सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर मांडणारा हा संच ‘कोपर्निकस’ या युरोपीय संघाच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास विनामूल्य मिळतो.

पारखण्यासाठी मी २६ डिसेंबर १९९९ रोजी फ्रान्सवर आदळलेले ‘लोथार’ वादळ निवडले. अरबी समुद्रातील चक्रीवादळ बाष्पाच्या उष्णतेवर पोसले जाते हे आपल्या परिचयाचे आहे. अटलांटिकच्या हिवाळी वादळातही तिचा वाटा किती मोठा असू शकतो, हे येथे उमगते. हवेचे भोवरेपण आणि तिच्या थरांची स्थिरता एकत्र मोजणाऱ्या ‘पोटेन्शियल व्होर्टिसिटी’ या राशीचा ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या (सुमारे दीड किलोमीटर उंचीच्या) पातळीवरील नकाशा तासातासाने पुढे सरकवला, की एक लहानसा, तीव्र ठिपका तापमानाच्या तीव्र उताराच्या कडेने वेगाने पूर्वेकडे जाताना दिसतो. त्याच्या पुढच्या अंगाला दमट हवा वर चढते, तिथे संघनन होते, म्हणजे बाष्पाचे पाणी होते, तापलेल्या थराच्या खाली ही राशी वाढते आणि त्यामुळे ठिपका जणू स्वतःच्या पुढे पुन्हा जन्म घेत राहतो. फ्रान्सजवळ वरच्या थरातील अतिशय प्रबळ जेट प्रवाहाशी (उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याशी) गाठ पडल्यावर वादळ झपाट्याने खोल झाले. तापलेल्या थराच्या वर हीच राशी घटते, त्यामुळे वर पोहोचलेली हवा जेट प्रवाहाचे वळणही बदलू शकते. म्हणूनच एका ठिकाणच्या संघननातील चूक शेकडो किलोमीटर पुढच्या अंदाजात उमटते.

मर्यादाही गंभीर आहेत. पॅरिसजवळच्या ऑर्ली विमानतळावर त्या दिवशी वाऱ्याचा ताशी १७३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. अशा झोतांच्या तपशिलाची अपेक्षा ३१ किलोमीटरच्या जाळीकडून करू नये. उष्णतेचे आकडे तर मोजलेले नसतातच. ढगांतील प्रक्रिया प्रारूपातील सूत्रांनी अंदाजलेल्या असतात आणि पाऊस व तापन-दर (हवा किती वेगाने तापते ते) प्रारूपाच्या अल्पकालीन अंदाजांतून येतात, त्यामुळे त्यांना निरीक्षण समजून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वारा, तापमान आणि दाब यांवर मात्र निरीक्षणांचा थेट प्रभाव असल्याने त्यांच्यावर मी अधिक विसंबतो.

नवख्याने ८५० हेक्टोपास्कलवरील तापमान आणि वर सांगितलेली राशी या दोनच गोष्टींपासून सुरुवात करावी; प्रारूपाच्या एकावर एक असलेल्या १३७ थरांवरील तापन-दरांकडे त्यानंतर वळावे.