वर्गातली गांडूळपेटी: पेटी झकास, पुस्तिका मात्र जुन्याच वळणाची

आमच्या पाचवीच्या वर्गात वर्षभरापासून ही गांडूळपेटी आहे. एका बाजूला काच, काचेवर सरकतं काळं झाकण, तळाला जास्तीचं पाणी निथळायला तोटी. पेटी दणकट आहे, मुलांच्या हाताळणीला पुरून उरली.

खरी कमाल त्या झाकणाची. ते सरकवलं की काचेलगतची गांडुळं उजेड टाळून आत शिरतात. एकदा एका मुलीच्या लक्षात आलं, की वर्गात कितीही कलकलाट असला तरी ती हलत नाहीत, पण बाक ओढला की झटकन आत जातात. "यांना कान नाहीत का?" नाहीत. डार्विननेही गांडुळांच्या कुंड्या पियानोवर ठेवून हेच पाहिलं होतं: आवाजाला दाद नाही, कंपन मात्र लगेच कळतं. त्याचं ते काम 1881 मध्ये प्रसिद्ध झालं. हे ऐकल्यावर मुलांनी आपणहून पेटीजवळ पाटी लावली, 'बाक उचलून ठेवा'. मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. निरीक्षण, विज्ञान आणि दुसऱ्या जिवाची काळजी अशी एकाच वेळी आलेली मी क्वचितच पाहिली आहे.

म्हणूनच सोबतच्या पुस्तिकेचा राग येतो. तिने हाच अनुभव विज्ञान, गणित, भाषा असा तासांमध्ये कापून ठेवलाय. पर्यावरण शिक्षण विषयांच्या भिंती ओलांडणारं हवं, हे पर्यावरण शिक्षणावरच्या 1977 च्या तिबिलिसी (जॉर्जिया) इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतच मांडलं गेलं होतं. आम्ही पुस्तिका कपाटात ठेवली आणि मुलांच्या प्रश्नांची वही सुरू केली.

खोक्यावरचं चित्रही दिशाभूल करतं. त्यात गांडुळं तळापर्यंत बिळं खणताना दाखवलीत. प्रत्यक्षात मिळतात ती आयसेनिया फेटिडा या जातीची, वरच्या कुजत्या पाल्यात राहणारी. त्यामुळे पेटीतला वाळूचा थर आहे तसाच राहतो आणि गांडुळं तो मातीत मिसळतील याची वाट बघणारी मुलं हिरमुसतात. गांडूळ त्वचेने श्वास घेतं, त्यामुळे पाणी जास्त झालं की हवेसाठी भिंतींवर चढतं, ही महत्त्वाची गोष्टही कुठे लिहिलेली नाही.

तरीही शिक्षकांनी ही पेटी जरूर घ्यावी. फक्त जागा सावलीतली निवडा, गांडुळांना 15 ते 25 अंश सेल्सिअस मानवतं. आणि मोठ्या सुट्टीत पेटी कोणाच्या घरी जाणार, हे आधीच ठरवून ठेवा.