मधुमेहींसाठीच्या ‘किडनी व्हिटॅमिन’ कॅप्सूल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मला मधुमेह होऊन 14 वर्षे झाली आहेत. मेटफॉर्मिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू असताना गेल्या जूनमध्ये सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी केली, तेव्हा अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) यांचे प्रमाण 86 आले. ते 30 च्या आत असावे लागते. 30 ते 300 च्या दरम्यान असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिन झिरपू लागले आहे, असे समजतात. ताप, जंतुसंसर्ग किंवा अतिश्रम झाले असतील तर हा आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. ती 92 आली. डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन 10 मिलिग्रॅम (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी आणि मूत्रपिंडे जपणारी गोळी) सुरू करण्याचा सल्ला दिला.

त्याच आठवड्यात माझे धाकटे दीर एक बाटली घेऊन आले. ‘‘वहिनी, ह्या गोळ्या किडनी आतून धुऊन काढतात, माझ्या मित्राला फार गुण आला,’’ असे त्यांनी कळकळीने सांगितले. आणखी एक औषध मागे लागण्याची मला धास्ती होती. म्हणून ‘चार महिने बघते, मग ठरवू’ असे डॉक्टरांना कळवून मी नवी गोळी लांबणीवर टाकली. त्या बाटलीबद्दल मात्र त्यांना काही सांगितले नाही.

बाटलीवर मूत्रपिंडाचे चित्र मोठे होते आणि घटकांची यादी इतकी बारीक होती की भिंग घेऊन वाचावी लागली : बेनफोटियामिन (थायमिनचा, म्हणजे बी-1 चा एक प्रकार), पायरिडॉक्सिन (बी-6), फॉलिक अॅसिड, मिथाइलकोबालामिन (बी-12), रायबोफ्लेव्हिन (बी-2), बायोटिन 10 मिलिग्रॅम, अल्फा लिपोइक अॅसिड. कडेला उभ्या ओळीत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना होती. अशी उत्पादने अन्नपूरक म्हणून विकली जातात आणि ही सूचना कायद्यानेच छापावी लागते, हे मला पुढे समजले. पहिल्याच दिवशी लघवी हळदीसारखी पिवळीजर्द झाली. दिरांच्या मते ती सफाई होती, पण तो रंग रायबोफ्लेव्हिनचा असतो. शरीराला नको असलेले बी-2 तसेच बाहेर पडते.

ऑक्टोबरअखेर पुन्हा तपासणी केली. आकडा 95 होता. हे प्रमाण दिवसागणिक थोडेफार बदलतेच, त्यामुळे कॅप्सूलने बिघडले असे मी म्हणणार नाही. पण सुधारले नाही, हे स्पष्ट होते. तेव्हा मात्र मी बाटली घेऊनच डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. त्यांनी यादी ओळ न ओळ वाचली आणि मधुमेहात थायमिन कमी पडते हे खरे असल्याने या कल्पनेच्या मुळाशी तथ्य आहे, हेही सांगितले. परंतु मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडू लागलेल्या लोकांना रोज 900 मिलिग्रॅम बेनफोटियामिन 12 आठवडे देऊन पाहिले, तेव्हा लघवीतील अल्ब्युमिन कमी झाले नाही. कॅनडात 238 रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्ष तर चिंता वाटावी असा आहे. रोज 2.5 मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड, 25 मिलिग्रॅम बी-6 आणि 1 मिलिग्रॅम बी-12 घेणाऱ्यांची गाळणक्षमता (मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतात तो आकडा) तीन वर्षांत सरासरी 16.5 ने घसरली. नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांची 10.7 ने. ते रुग्ण माझ्यापेक्षा पुढच्या टप्प्यावरचे होते, तरीही ‘जीवनसत्त्वच तर आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी त्यानंतर उच्चारलेले नाही. ड जीवनसत्त्वाचीही अशीच कथा आहे. 2019 मधल्या चाचणीत 1,312 मधुमेहींना रोज 2,000 युनिट ड-3 पाच वर्षे देऊनही मूत्रपिंडाच्या कामात फरक दिसला नाही.

नोव्हेंबरपासून डापाग्लिफ्लोझिन सुरू केले. डॉक्टरांनी निवड माझ्यावर सोपवली होती आणि बाटल्या आणून ठेवलेल्या होत्या, म्हणून कॅप्सूल मार्चपर्यंत चालू ठेवली. त्याचा मनस्ताप जानेवारीत झाला. थायरॉईडच्या नेहमीच्या तपासणीत टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक) अचानक फार खाली आले आणि ग्रंथी अतिसक्रिय झाल्याची शंका निघाली. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टरांना बाटलीची आठवण झाली. मोठ्या मात्रेतले बायोटिन काही प्रयोगशाळांच्या चाचणीपद्धतीत ढवळाढवळ करते आणि खोटा आकडा दाखवते. चार दिवस कॅप्सूल बंद ठेवून पुन्हा रक्त दिले, तेव्हा टीएसएच पूर्ववत निघाले. रक्ततपासणीला जाताना आपण कोणती जीवनसत्त्वे घेतो हे सांगायला हवे, हे मला तोवर कोणीही सांगितले नव्हते.

एक लाभ मात्र प्रामाणिकपणे नोंदवते. पायांना रात्री येणाऱ्या मुंग्या दुसऱ्या महिन्यापासून कमी झाल्या. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-12 घटते; माझे जूनमध्ये 184 होते आणि ऑक्टोबरात 560 झाले. हा गुण मिथाइलकोबालामिनचा आहे, आणि ते साध्या गोळीत फार कमी किमतीत मिळते. या कॅप्सूलसाठी मी महिन्याला 900 रुपये मोजत होते.

मार्चच्या आरंभी अल्ब्युमिन 54 वर आले आणि कॅप्सूल थांबवली. जूनमध्ये, म्हणजे तिच्याशिवाय तीन महिने गेल्यावर, ते 49 होते. नव्या गोळीने सुरुवातीला गाळणक्षमता 71 वरून 66 वर आली होती. गाळणीतला दाब उतरल्याने असे होते आणि पुढे ते स्थिरावते, हे आधी सांगितलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. आता ती 67 आहे. जननेंद्रियाची स्वच्छता कटाक्षाने पाळावी लागते, आणि निर्जळी उपवास किंवा उलट्या-जुलाब असतील त्या दिवशी ही गोळी घेऊ नये अशी मला ताकीद आहे.

पैशांचे मला फारसे वाटत नाही. जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने मात्र मनाला लागून राहिले आहेत, कारण तेवढा काळ प्रथिन झिरपत राहिले आणि उपाय चिठ्ठीवर लिहिलेला होता. दिरांनाही मी सगळे कागद दाखवले. त्यांचाही मधुमेह आता नऊ वर्षांचा आहे आणि त्यांनी लघवीची ही तपासणी आजवर एकदाही केलेली नव्हती. येत्या सोमवारी त्यांना सकाळी सातला प्रयोगशाळेत घेऊन जात आहे.