वारा मोजणारा संच: आठ महिने वापरून आलेला अनुभव

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत मे महिन्यात हा संच बसवला. वेगासाठी तीन वाट्यांची फिरकी, दिशेसाठी शेपटीवाला पंखा आणि खाली छोटा कंट्रोलर. बागेच्या पूर्वेला शेजाऱ्यांची मेथी असते. आमच्या औषधाचा फवारा तिच्यावर जायला नको, म्हणून ही खरेदी.

सुरुवातीला संच शेडच्या पत्र्यावर लावला होता, ते चुकलं. छपराला धडकून वारा वर उसळतो आणि आकडे नुसते नाचतात. मग मोकळ्यावर १० मीटरचा पाइप उभा केला. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब जायचं असतं. आमची शेड ४ मीटरची, म्हणून पाइप ४० मीटरच्या पलीकडे. बागेला पाणी किती द्यायचं याचा हिशेब करताना २ मीटरवरचा वेग लागतो, त्यासाठी १० मीटरवरचा आकडा ०.७५ ने गुणतो.

माहितीपत्रकात सेकंदाला एक पल्स (फिरताना फिरकीतला स्विच मिटला की येणारा विजेचा ठोका) म्हणजे ताशी २.४ किलोमीटर, असं दिलं आहे. त्यावर विसंबलो नाही. वारा पडलेला असताना भल्या पहाटे फिरकी बांबूला बांधून पिकअपच्या टपाच्या बरीच वर धरली आणि सरळ रस्त्यावर जाऊन-येऊन फेऱ्या मारल्या. जीपीएसवर ४० असताना दोन्ही बाजूंची सरासरी ३७.५ आली, म्हणून गुणक २.५६ केला. मधूनच शंभरावर उडी मारणारे आकडे स्विचच्या थरथरीचे होते, एकाच ठोक्याच्या दोन पल्स मोजल्या जात होत्या. १० मिलिसेकंदांच्या आत आलेली दुसरी पल्स सोडून द्यायला लावली, तेव्हा थांबले.

उत्तर दिशा लावताना लोखंडी पाइपजवळ मोबाइलचं होकायंत्र भरकटत होतं. शेवटी रात्री ध्रुवतारा धरला. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर असतो, त्यामुळे उत्तरेला झाडी नको. पाइपच्या रेषेत दूरवर एक खुंटी ठोकून ठेवली, आता पुन्हा जुळवायला रात्रीची वाट पाहावी लागत नाही. सरासरीचीही एक गोष्ट सांगतो: ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा होतो. प्रत्येक नोंदीचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन भाग करून मगच सरासरी काढा.

खरा त्रास ऑगस्टमध्ये झाला. बांबूला बांधलेली फीत पश्चिमेचा वारा दाखवत होती आणि पडद्यावर चार दिवस सतत वायव्य. पंखा काढला, पुन्हा जुळवला, फरक शून्य. या पंख्यात प्रत्येक दिशेला वेगळा रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) असतो आणि त्याच्या मापावरून कंट्रोलर दिशा ओळखतो. पश्चिमेचा १२० किलोओहमचा, सगळ्यांत मोठा. वायव्येचा साधारण ६५. जोडणीच्या डबीत ओल शिरली होती. ओलीतून थोडा करंट गळला की आधी मोठ्या रेझिस्टरचंच माप घसरतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा आणि गडबडही नेमकी त्याच दिशेची. वेग बिघडला तर लगेच खटकतं. वायव्य हे उत्तर मात्र खरं वाटतं, म्हणून चार दिवस गेले. डबी वाळवली, वायरी खालून आत घेतल्या, तोंडं सिलिकॉनने बंद केली. तेव्हापासून दिशा बरोबर आहे.

फीत अजून बांबूवरच आहे. फवारणीआधी मी दोन्हीकडे बघतो. फिरकीचं बेअरिंग आता थोडं कुरकुरतं, पुढच्या पावसाआधी बदलणार आहे. त्यानंतर पिकअपची पहाटेची फेरी पुन्हा करावी लागेल.